वाळुंजांच्या टोप्या

कोणी अंधाराला भितं, कोणी कुत्र्याला, कोणी आपल्याच सासूला. भागूबाई पाण्याला भ्यायची. आणि नोकरी कुठे करावी या बाईनं? तर जिथे दिवसभर पाणीच वाहतं अशा शेडमध्ये.

जन्मल्यावर तिचं नाव भागू वगैरे काही ठेवलं नव्हतं. कागदोपत्री चांगलं लांबलचक, भारदस्त नाव आहे तिचं. पण लहानपणी पाण्यानं भरलेली बादली पाहिली की ती जी किंचाळायची, त्यावरून थोरल्या बहिणीनं तिला ‘भित्री भागूबाई’ म्हणायला सुरुवात केली. पुढे त्यातलं ‘भित्री’ गळून पडलं, कारण ते वेगळं सांगायची गरजच उरली नाही. शाळेत भागूबाई, सासरी भागूबाई. नोकरीवर रुजू झाली त्या दिवशी साहेबांनी नाव विचारलं, तर घाबरून तिच्या तोंडून आपसूक तेच निघालं, आणि तिथेही तेच चिकटलं.

आई लवकर गेली. भागूबाईला वाढवलं ते ताईनं. ताई स्वतः तेव्हा परकर-पोलक्यातली पोर, पण रुबाब असा की शेजारच्या बायका तिला विचारून दूध घ्यायच्या. डोक्यावरून न्हाऊ घालायचं म्हणजे रोजचा तमाशा. भागूबाई मोरीच्या दाराला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायची. मग ताई तांब्या भरून घ्यायची, दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या डोळ्यांवर ठेवायची आणि म्हणायची, “डोळे मीट. मी आहे ना. झालंच बघ.” आणि खरंच, डोळे उघडेपर्यंत सगळं झालेलं असायचं. इंजेक्शनच्या वेळी तेच. वीज कडाडली की तेच. आईला घरातून नेलं तेव्हाही भागूबाईला काही दिसलं नाही, ताईच्या तळव्याला येणारा साबणाचा वास तेवढा आठवतो.

तर अशा तऱ्हेनं भागूबाईला आयुष्याची रीत सापडली. भीती वाटली की डोळे मिटायचे. आणि खोटं कशाला बोला, निम्म्या वेळा ते चालूनही जातं. नवरा बस चालवायचा. घाटाच्या रस्त्यावर त्याची पाळी असली की ती त्या दिवशी बातम्या लावायची नाही. तो सुखरूप घरी यायचा आणि विचारायचा, “आज रेडिओ बंद का?” ती म्हणायची, “सेल संपलेत.” त्या घरात सेल फार लवकर संपायचे.

आता त्या शेडबद्दल सांगायला हवं. बाहेर पाटी होती ‘नदी संशोधन प्रयोगशाळा’, पण आत पाऊल टाकलं की खेळण्यांचं दुकान वाटावं असं सगळं. बस डेपोसारखी लांबच लांब पत्र्याची शेड, आणि तिच्या जमिनीवर सिमेंटमध्ये घडवलेली अख्खी नदी. शहराची खरी नदी, फक्त आकसलेली. तीच वळणं, तोच पूल, त्याच उतरत्या गल्ल्या, आणि गल्ल्यांत साबणाच्या वडीएवढी लाकडी घरं. एका टोकाच्या टाकीतून पंपानं पाणी सोडायचं, ते नदीतून वाहत दुसऱ्या टोकाच्या जाळीतून खाली जायचं. पूर आणायचा तर पंपाचं चाक फिरवायचं. साहेब ते चाक असं सहज फिरवायचे, जसा कोणी चहाचा गॅस मोठा करावा. भागूबाई त्या वेळी दुसरीकडे बघायची.

तिचं काम झाडांचं होतं. नदीच्या काठानं खरी झाडं जिथे जिथे होती, तिथे तिथे छोटी झाडं रोवायची. खोड तारेचं, फांद्या बारीक तारेच्या, आणि पानं रेशमी फितीची, कात्रीनं एकेक कापलेली. फीत साधी चालत नसे. फार ताठ असली तर पाण्यात वाकत नाही, फार मऊ असली तर खोडाला चिकटून बसते; खरं पान वाकतंही आणि पाण्याला अडवूनही धरतं. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात तिला हे समजावून सांगितलं होतं. साहेब म्हणजे विद्वान माणूस, स्वभावानं गरीब, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला आणि दिवसभर तोच शोधत फिरणारे.

“भागूबाई, बिनपानाच्या झाडातून पाणी सरळ निघून जातं,” ते म्हणाले होते. “पण पानं आली की त्याच झाडाची जाळी होते. पाण्याला वाट काढायला वेळ लागतो. वेग कमी होतो, आणि मागे पाणी तुंबून वर चढतं. नदी तीच, पाणी तेवढंच, पण पानझडीत एक उंची आणि भरल्या पानांत वेगळीच. म्हणून आपल्याला दोन्ही करून बघायचंय.”

दोन्ही करून बघायचं तर दर वेळी पानं कोण कापत बसणार? त्यावर भागूबाईनंच तोड काढली. प्रत्येक झाडाची पानं तिनं एका सैल जाळीवर शिवली, टोपरं असावं तशी. जाळी फांद्यांवर चढवली की झाड भरलेलं, काढली की बोडकं. शेडमधले सगळे त्यांना ‘टोप्या’ म्हणायला लागले. “भागूबाई, टोप्या चढवा” म्हटलं की चाचणी भरल्या पानांची.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण साहेबांनी सिमेंटची नदी लांबवत नेली, आणि एक दिवस तिच्या काठावर खालची गल्ली आली.

खालची गल्ली म्हणजे ताईची गल्ली. लग्नानंतर ताईनं तिथे लाँड्री काढली होती. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळाचे डगले, वाफेचा बॉयलर, आणि मधोमध ताई, कमरेला पदर खोचून, सगळ्या गल्लीवर हुकूम सोडत. गल्ली नदीला लागूनच. तिच्या कडेनं वाळुंजांची दाट राई सुरू व्हायची आणि थेट खालच्या पुलापर्यंत जायची. वाळुंज म्हणजे पाण्यात फांद्या सोडून बसायची हौस असलेली झाडं. ताईच्या मागच्या दारातून त्यांच्या फांद्या हातानं बाजूला साराव्या लागायच्या. उन्हात तिथे इतकं गार वाटायचं की गल्लीतली म्हातारी माणसं दुपारी खुर्च्या टाकून तिथेच घोरायची.

भागूबाईनं ती राई तारेतून उभी केली तेव्हा तिचा ऊर भरून आला होता. लाकडी घरांतल्या कडेच्या घराला तिनं मुद्दाम निळं दार रंगवलं, कारण ताईच्या लाँड्रीचं दार निळं होतं. साहेबांनी पाहिलं आणि हसले. आणि मग भरल्या पानांची पहिली चाचणी झाली. पंपाचं चाक फिरलं. पाणी वाळुंजांच्या टोप्यांत शिरलं, अडलं, मागे फुगलं, आणि बघता बघता निळ्या दाराच्या अर्ध्यावर आलं.

बोटाच्या पेराएवढंही नव्हतं ते पाणी. त्यात मांजर बुडालं नसतं. पण तिला दिसला बॉयलर, दिसल्या चादरींच्या चळती, दिसली पदर खोचलेली ताई, आणि ती काठावरच मटकन बसली.

“अहो, ही कच्ची चाचणी,” साहेब म्हणाले. “पंप अजून अंदाजानंच सोडतोय मी. पक्की चाचणी होईपर्यंत कशावर विश्वास ठेवू नका.”

कच्च्या चाचण्या पुष्कळ दिवस चालल्या. चाचणी संपली की साहेब आकडे जुळवायला आपल्या खोलीत जायचे आणि पाणी तसंच वाहतं ठेवायचे, कारण सैल झालेली झाडं भागूबाईला वाहत्या पाण्यातच सापडायची. म्हणजे शेडमध्ये ती एकटी, आणि समोर ताईचं घर पाण्यात. पहिल्या दिवशी तिनं पाठ फिरवून काम केलं. दुसऱ्या दिवशी पाठही फिरवता येईना, मानेवर कोणी फुंकर घालतंय असं वाटायला लागलं. शेवटी तिनं हात घातला आणि राईच्या टोप्या भराभर काढून डब्यात टाकल्या. पाण्याला वाट मिळाली. फुगवटा उतरला. निळ्या दाराचा उंबरा कोरडा झाला, आणि भागूबाईचा जीव भांड्यात पडला.

मग तो रोजचाच परिपाठ झाला. चाचणी संपली की टोप्या काढायच्या, ताईला कोरडं करायचं, मग निवांत आपलं काम करायचं. आणि सकाळी साहेब यायच्या आत टोप्या परत चढवायच्या. कोणाचं काय बिघडत होतं त्यात? निजलेल्या लेकराच्या अंगावरची माशी आपण हाकलतोच की.

पक्की चाचणी ठरली होती दुपारी. पण नगरपालिकेच्या मंडळींना दुपारी दुसरीकडे जायचं होतं म्हणून ती सकाळीच आली, आणि साहेबांनी सकाळीच चाक फिरवलं. भागूबाई नेहमीच्या वेळेला शेडमध्ये शिरली तेव्हा पूर आलेला होता, पाहुणे पुलाच्या बाजूला गोल करून उभे होते, आणि साहेब पातळी मोजायच्या सुईवर डोळे लावून वाकले होते. सगळ्या काठाची झाडं पानांनी डवरलेली. खालच्या गल्लीची राई तेवढी बोडकी. तारेवर हिरवा रंग होता, पलीकडून बघणाऱ्याला झाडांच्या त्या गर्दीत काही कळण्यासारखं नव्हतं. टोप्यांचा डबा भागूबाईच्या स्टुलाखाली होता.

पुलापाशी पाणी चढत चढत गेलं तरी गल्ली कोरडी. पाहुण्यांपैकी कोणीतरी टाळी वाजवली. साहेबांनी मान वर केली, तिला पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. “भागूबाई! तुमची ताई कोरडी राहिली! माझा पंपच जास्त सुटत होता की हो इतके दिवस!”

तिनं तोंड उघडलं. शपथेवर सांगावं असं, सांगायलाच उघडलं होतं. पण ततपपच्या पुढे जीभ जाईना. इतके साहेबलोक, सगळे खुशीत, आणि त्यात तिनं पुढे होऊन म्हणायचं की मी तुमची नदी बिघडवली? आणि दुसरंही एक होतं, ते जास्त वाईट. तिला बरं वाटलं होतं. निळं दार कोरडं होतं, आणि आता तर साहेबही म्हणत होते की ते कोरडंच राहणार. ती हसली. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाली.

उद्या कसला येतोय. त्या चाचणीत पुलापाशी पाणी जिथवर चढलं होतं, त्या उंचीवर पुढच्या महिन्यात नगरपालिकेनं पुलाच्या खांबावर तांबडाभडक पट्टा रंगवला. पाणी पट्ट्याला टेकलं की खालच्या गल्लीनं घरं सोडायची, तोवर घाबरायचं कारण नाही. ताईच्या मागच्या खिडकीतून तो पट्टा समोर दिसायचा. ताईला त्याचा कोण अभिमान. गिऱ्हाइकांना खिडकीशी नेऊन दाखवायची. “तो बघा. आमच्या भागूच्या हापिसानं काढून दिलाय.” भागूबाई हजर असली की चादरींच्या घड्या घालत राहायची. रात्री कूस बदलत राहायची, नवऱ्यानं विचारलं तर म्हणायची, “ढेकूण झालेत बहुतेक.” त्यानं बिचाऱ्यानं दोनदा गादी उन्हात टाकली.

आणि मग वर डोंगरात पावसानं ठाण मांडलं. शहरात नुसती भुरभुर, पण नदी रंग बदलायला लागली. भागूबाई बसनं कामाला निघाली होती. पुलाच्या तोंडाशी बस हळू झाली, आणि तिनं पाहायचं नाही असं ठरवलेलं असूनही पाहिलं.

राई भर पानात होती. गच्च, काळपट हिरवी, एकही फांदी उघडी नाही. तांबूस पाणी तिच्यात शिरत होतं आणि सगळी पानं एका दिशेला विंचरल्यासारखी झुकली होती. पुलापाशी पाणी अजून बरंच खाली होतं. तांबडा पट्टा पुष्कळ वर, कोरडा. पण राईच्या वरच्या अंगाला, गल्लीच्या बाजूला, पाण्याची पाठ फुगलेली होती. अगदी तशीच. रेशमी फितीच्या मागे फुगायची तशीच. भागूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं बस थांबवायला लावली आणि साहेबांना फोन केला. साहेब नगरपालिकेत बैठकीत होते, फोन कोणी उचलेना. खाली रस्त्यावरून भोंग्याची गाडी ओरडत चालली होती, “पाणी लाल पट्ट्याखाली आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये.”

ती धावत गल्लीत आली. ताई नेहमीसारखी इस्त्री फिरवत होती.

“ताई, चल. आत्ताच्या आत्ता वर चल.”

“आली का भागूबाई!” ताई हसली. “अगं, तो पट्टा बघ आधी. केवढा वर आहे अजून. तुझ्याच हापिसाचा ना तो?”

“तो पट्टा खोटा आहे.”

“काय?”

“खोटा आहे तो, ताई! माझ्यामुळे.” आणि मग ती बोलली. टोप्या, डबा, निळं दार, सकाळची चाचणी, सगळं. मध्ये ततपप झालं, मध्ये रडू आलं, पण थांबली नाही. ताईनं हातातली इस्त्री चादरीवर टेकवली ती तशीच राहिली. कापड जळल्याचा वास सुटला तेव्हा कुठे तिनं ती उचलली. पांढऱ्याशुभ्र चादरीवर इस्त्रीच्या आकाराचा पिवळा डाग उठला होता. ताईच्या लाँड्रीत असा डाग कोणी कधी पाहिला नव्हता.

“आयुष्यभर सगळ्याला भ्यालीस,” ताई सावकाश म्हणाली. “उंदराला भ्यालीस, फुग्याला भ्यालीस. आणि जिथे बोंब मारायची, तिथेच गप्प बसलीस?”

भागूबाईला वाटलं आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. पण ताईनं तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत गल्लीच्या मधोमध नेऊन उभं केलं. “मला सांगून काय होतंय? यांना सांग.”

दारादारांतून माणसं बाहेर आली. भागूबाईनं सगळं परत सांगितलं, त्यांच्या तोंडांकडे बघत. कोपऱ्यावरचा सायकलवाला तिरकस हसला. “भागूबाईचं काय ऐकता? ती नळालाही भिते.”

“आज ती भिऊन बोलत नाहीये,” ताई कडाडली. “स्वतःची लाज वेशीवर टांगून बोलतेय. असं कोणी खोटं बोलतं का रे? उचल तुझ्या आईला, चल!”

ताईनं हुकूम सोडला म्हणजे विषय संपला. कुरकुर झाली, शिव्याही बसल्या, पण माणसं निघाली. म्हातारी खुर्च्यांसकट उचलली गेली. गल्ली वरच्या रस्त्याकडे रिकामी होत चालली, आणि ताई एकदम थबकली. “बॉयलर!” पेटता बॉयलर तसाच सोडला तर पाणी आत शिरताच स्फोट व्हायचा. ती मागे पळाली, आणि भागूबाई, का ते तिलाच ठाऊक, तिच्या मागे.

ताईनं बॉयलर बंद केला, वाफ सोडली. सगळी खोली फुसफुसली, समोरचं दिसेना. वाफ विरली तेव्हा भागूबाईच्या घोट्याला गार काहीतरी लागलं. पाणी पुढच्या दारातून आत येत होतं, अगदी चोरासारखं, आवाज न करता. तिनं दाराबाहेर पाहिलं. गल्लीचा रस्ता म्हणजे ओढा झाला होता. सायकलवाल्याचं अख्खं टेबल त्यावरून भिंतीला धडका देत सुसाट गेलं.

“चल, पळ, रस्त्यानं वर,” ताई म्हणाली आणि दाराबाहेर पाय टाकला. पाण्यानं तो पाय खस्सकन ओढला. ती चौकटीवर आपटली, चौकट दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, आणि मग भागूबाईनं ते पाहिलं जे जन्मात पाहिलं नव्हतं. ताई भ्याली होती. ओठ पांढरे पडले होते. चौकट सोडायला बोटं तयार नव्हती. दार धरून राहिलेली, आणि तिनं डोळे गच्च मिटले होते.

पाणी गुडघ्याला लागलं होतं. तिला किंचाळायचं होतं, पण किंचाळी ऐकून जी यायची तीच समोर थरथरत होती. आणि त्या गोंधळात तिला आठवला रंग. चाचणीत साहेब पाण्यात जांभळा रंग सोडायचे, पाणी कुठून कसं जातं ते कळावं म्हणून. गल्लीच्या रस्त्यातून तो रंग बाणासारखा सुटायचा. पण मागच्या अंगाला, वाळुंजांच्या आडोशाला, तो जागच्या जागी घुटमळत राहायचा, तिथून हलायचंच नाव घ्यायचा नाही. जी पानं पाणी वर चढवत होती, तीच तिथे त्याला थोपवून धरत होती.

“ताई, रस्त्यानं नाही. मागून. झाडांच्या बाजूनं.”

“तिकडे नदी आहे!”

“तिकडे पाणी खोल आहे, पण ओढत नाही. ताई, डोळे उघड. मी आहे ना.”

मागचं दार उघडलं तेव्हा पाणी कमरेवर आलं. पण तिथे खरंच ओढ नव्हती. पाणी जड होतं, गार होतं, कचरा आणि पानं घेऊन संथ गोल फिरत होतं. भागूबाई पुढे, एका हातात ताईचा दंड, दुसऱ्या हातानं फांदी. एक फांदी सोडण्याआधी दुसरी धरायची. ओल्या पानांचे फटके तोंडावर बसत होते. चार हातांवर, राईच्या पलीकडे, नदी अशी घोंघावत होती की पोटात आतून हादरे बसत होते, आणि भागूबाई रडत होती, मोठ्यानं, नाक गळेपर्यंत रडत होती, पण चालत होती. एकदा पाय घसरला, पाणी हनुवटीला लागलं, तोंडात गेलं. वाळुंजाची फांदी वाकली, ताणली गेली, पण तुटली नाही. मग पायाखाली चढ लागला. वरून कोणीतरी हात दिला. तो सायकलवाल्याचा होता.

वरच्या रस्त्यावर गल्ली ओलीचिंब उभी होती, सगळी, म्हातारी माणसं खुर्च्यांत. सगळे एकाच दिशेला बघत होते. लाँड्रीचं निळं दार अर्ध्यावर बुडालं होतं. आणि खाली पुलाच्या खांबावर तांबडा पट्टा कोरडा ठणठणीत होता, पाण्यापासून चांगला वर. कोणी काही बोललं नाही. भागूबाईला त्या गप्प बसण्याची जेवढी भीती वाटली, तेवढी पाण्यात असतानाही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली आणि तिसऱ्यांदा तेच सांगितलं. साहेबांनी गळ्यातला चष्मा काढला आणि तो पुसत बसले. “मी सुईकडेच बघत होतो,” शेवटी म्हणाले. “एकदा राईकडे बघितलं असतं तरी...” तिच्यावर चौकशी बसली, साहेबांवरही बसली. पट्ट्यावर चुना फासला गेला. नवा पट्टा कुठे मारायचा हे ठरेपर्यंत भागूबाईला कामावर ठेवलं, कारण तेवढ्या टोप्या दुसरं कोणी शिवू शकत नव्हतं.

पुन्हा पक्की चाचणी झाली तेव्हा ताई बघायला आली. मला बघायचंय, एवढंच म्हणाली. मधल्या काळात ती भागूबाईशी कामापुरतंच बोलत होती. बॉयलर भंगारात गेला होता, आणि तिच्या हातांना साबणाचा वास येईनासा झाला होता.

भागूबाईनं राईतल्या एकेका वाळुंजावर टोपी चढवली. साहेबांनी स्वतः वाकून, चष्मा डोळ्यांवर लावून, प्रत्येक झाड तपासलं आणि मग चाक फिरवलं. पाणी आलं. टोप्यांत शिरलं, अडलं, फुगलं. गल्लीच्या खालच्या टोकाला चढलं. निळ्या दाराकडे निघालं.

इतक्या वर्षांच्या सवयीनं शेजारी उभ्या असलेल्या ताईचा हात आपोआप वर आला आणि तळवा भागूबाईच्या डोळ्यांकडे निघाला.

भागूबाईनं तो हात मध्येच धरला, खाली घेतला, आणि तसाच धरून ठेवला. दोघी बघत राहिल्या. पाणी उंबऱ्यावर आलं.